अण्णांची चिनी पंचमी

चहाचा कप समोर आला की अण्णा उजव्या हाताची दोन बोटं वाकवायचे आणि टेबलावर हलकेच वाजवायचे. टक् टक्. तेवढ्यासाठी चाललेलं बोलणं थांबायचं नाही की मान वळायची नाही. गप्पा सुताच्या भावावर चालू असोत नाहीतर कुणाच्या लग्नावर, बोटं आपलं काम करून मोकळी व्हायची.

तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखं काय आहे? आहे. आमच्या सोलापुरात हॉटेलात बसून टेबल वाजवलं की त्याचा अर्थ एकच, आणखी एक चहा आण. पेढीसमोरच्या हॉटेलात अण्णा पहिल्यांदा माझ्याबरोबर आले त्या दिवशी हॉटेलवाल्यानं कप ठेवला आणि अण्णांनी बोटं वाजवली. तो दुसरा कप घेऊन आला. अण्णांनी त्याबद्दलही वाजवली. मग तिसरा आला. आमच्यासमोर कपांची रांग लागली आणि शेजारच्या बाकावरचे गिरणीतले जॉबर लोक आमच्याकडे बघायला लागले.

"अहो अण्णा, वाजवू नका ना!" मी कळवळून म्हणालो.

"मग त्यानं चहा दिला, ते आपल्याला पावलं हे त्याला कळायचं कसं?"

"तोंडानं सांगा की."

"तोंडात भजं हाय."

अण्णा आणि मी एकाच सूत-व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होतो आणि राहायलाही एकाच बोळात होतो. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. पेढीवर, बोळात, गिरणीच्या दारात सगळे त्यांना अण्णाच म्हणत. लिंगायत माणूस, मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे, घरात कानडी आणि बाहेर मराठी. कपाळाला भस्म, डोक्याला जरीकाठी रुमाल आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी चांगली बातमी सांगून गेलंय.

महायुद्ध संपल्यावर मुंबईच्या एका पेढीनं त्यांना हाँगकाँगला पाठवलं होतं. तिथं आपल्याकडचं सूत उतरायचं, त्याचा हिशेब ठेवायला. दोन-तीन वर्षं राहून ते परत आले आणि सोलापुरात कायमचे स्थिरावले. आमच्या पेढीवरच्या निम्म्या लोकांचा यावर विश्वासच नव्हता. अण्णा मुंबईच्या गोदीपर्यंत गेले असतील, तिथं एखादा चिनी माणूस बघितला असेल आणि बाकीचं स्वतः रचलं असेल, असं ते म्हणत. मीही पहिली काही वर्षं कुंपणावरच होतो.

अण्णांना त्याचं काही नव्हतं. दुपारी चहाची वेळ झाली की ते दौतीला झाकण लावायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "चला, याम चा!" चिनीत म्हणे याचा अर्थ चहा पिणं. पण अण्णांचा अर्थ वेगळा होता. "याम चा म्हंजे पिणं न्हाय, बसणं," ते सांगायचे. "चहा निमित्ताला. माणसानं माणसासमोर बसायचं, हे खरं." आम्ही दोन घोटांत कप संपवून उठायला लागलो की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बसा की. घाई कुणाला हाय?" घाई पेढीच्या मालकांना असायची, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

हाँगकाँगला गेल्यावर पहिले काही आठवडे अण्णांनी केळी आणि पाव यांवर काढले. अंडंसुद्धा वर्ज्य असलेल्या माणसानं तिथं खायचं काय? शेवटी पेढीवरच्या एका चिनी कारकुनाला दया आली आणि रविवारी सकाळी तो त्यांना एका चहाघरात घेऊन गेला. भिक्षू आणि नेमधर्माची माणसं जिथं जेवतात, मांसमच्छीचा जिथं वासही नाही, असं ते चहाघर होतं. वर्णन करताना अण्णांचे हात हवेत फिरायला लागायचे. खांबांना विळखे घालून बसलेले, मिशांचे आणि पंजांचे लाकडी नाग. गोल टेबलं. बांबूच्या टोपल्या एकीवर एक रचलेल्या आणि सगळ्यांतून वाफ निघतेय. पोरी गळ्यात पट्टा अडकवून त्यावर तबक घेऊन फिरताहेत आणि पदार्थांची नावं ओरडताहेत. पाहिजे ते हातानं दाखवायचं, टोपली समोर येते. दुसऱ्याच्या वाटीत आधी चहा ओतायचा, आपल्या वाटीत शेवटी. ज्याच्या वाटीत पडला त्यानं बोटं वाजवायची.

हे सगळं आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की वाफ आमच्याच अंगावर यायची. पण एक गोष्ट त्यांनी मला एकट्यालाच सांगितली. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आम्ही संध्याकाळी बसलो होतो.

"शेजारच्या टेबलावर एक म्हातारा आन् म्हातारी बसायची," अण्णा म्हणाले. "लेकरं, सुना, नातवंडं सगळी भवतीनं. तो म्हातारा आधी म्हातारीच्या वाटीत चहा ओतायचा. ती त्याच्याकडं बघायची पण न्हाय. नातवाला भरवता भरवता नुसती दोन बोटं वाजवायची. आपल्यात नवरा-बायकोनं एकमेकांना बरं वाटलं म्हणायची रीतच न्हाय की हो. म्हटलं तर परकं वाटतंय. आन् तितं एक अक्षर न बोलता सगळं झालं."

मग म्हणाले, "माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासनं एकदाही पहिल्या वाफेचं खाल्लेलं न्हाय. मला तिला एकदा तसं खाताना बघायचं हाय. बास."

त्यांच्या घरची रीत तुमच्याआमच्या घरासारखीच होती. आधी पुरुष, मग पाहुणे, मग अव्वा, म्हणजे अण्णांची आई. आणि सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपाशी भिंतीला टेकून अक्का, म्हणजे त्यांची बायको. उरलं असेल ते, निवलं असेल तसं. बाईनं हॉटेलात जायचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी घरातल्या घरात एकदा सुचवून बघितलं होतं. अक्का बारीक अंगाच्या आणि तिखट जिभेच्या. त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासंगं जेवायला बसू? अव्वा काय म्हणतील? आन् ते टेबल काय वाजवताय सारखं, तबला हाय का त्यो?" विषय तिथं संपला.

विषय पुन्हा सुरू केला तो अव्वांनी, आणि तोही नकळत. अव्वांचं वय झालं होतं, पण घरावर हुकूम त्यांचाच. चीनच्या गोष्टी ऐकायचा त्यांना भारी नाद. एका रविवारी मी तिथं बसलेलो असताना त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"तितं तव्यावर काय करत्यात?"

"तवा न्हाईच, अव्वा. सगळं वाफेवर."

"हौदा? असं व्हय? आन् चिरत्यात कशानं?"

"जेवायच्या जागी सुरी आणत न्हाईत. काड्यांनी खात्यात."

"तळण?"

अण्णा क्षणभर अडखळले. तळलेल्या गुंडाळ्याही तिथं मिळायच्या, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. "मी तर उकडलेलंच खाल्लं की," ते म्हणाले.

"आन् खांबाला नाग म्हणालास."

"व्हय. मोठाले."

अव्वांनी हातातली वात खाली ठेवली. तवा नाही, चिरणं नाही, तळण नाही, सगळं उकडलेलं आणि वर नागोबा. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अय्य! मग तितं रोजच पंचमी असतीय की!" त्या म्हणाल्या. "आपण वर्षातनं एक दिस पाळताव, ती रोज पाळत्यात. लई नेमाची माणसं हायेत."

मी भिंतीकडे बघून खोकलो. आणि त्या खोकल्यातच अण्णांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलेलं मला दिसलं.

"अव्वा," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "येत्या पंचमीला आपण पण तसाच नेम करूया का? चिनी रीतीनं?"

"करू की. पण नेम म्हंजे नेम. अर्धामुर्धा करायचा न्हाय. तितं कसं बसत्यात?"

"गोल. सगळे एकदम."

"बायका?"

"बायका पण. त्याच टेबलावर. सासू, सून, लेक, सगळ्या."

चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला. अव्वांनी खाली ठेवलेली वात उचलून पुन्हा वळायला घेतली. शेवटी म्हणाल्या, "त्यांच्या नेमात तसं असंल तर तसं करायला पायजे." भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

मग अण्णा कामाला लागले. सुताच्या पेट्यांच्या जुन्या फळ्या जोडून त्यांनी सुताराकडून एक गोल टेबल करून घेतलं. पाय मात्र वीतभर उंचीचे, कारण अव्वांनी खुर्चीवर बसणं शक्य नव्हतं. टोपल्यांसाठी आम्ही दोघं बुरुडाकडे गेलो. चपट्या, झाकणाच्या आणि तळाला भोकं असलेल्या टोपल्या पाहिजेत म्हटल्यावर बुरूड अण्णांकडे बघतच राहिला.

"मालक, तळाला भोकं ठेवली तर धान्य ऱ्हाईल का त्यात?"

"धान्य ठेवायचंच न्हाय. खालनं वाफ आत घ्यायची हाय."

"वाफ?" बुरूड म्हणाला. "वाफेला टोपली आजवर कुणी मागितली न्हाय बगा." पण केल्या मात्र त्यानं झकास.

परतताना अण्णांनी मला रस्त्यात थांबवलं. "एक गोष्ट अव्वाच्या कानावर जाऊ द्यायची न्हाय," ते हळूच म्हणाले. "त्या चहाघराच्याच गल्लीत एक दुकान होतं. थंडीत तितं सापाचं सार मिळायचं. माणसं रांग लावून प्यायची."

मी कपाळाला हात लावला. नागपंचमीच्या नेमाला असा गुरू आम्ही निवडला होता!

पंचमीला पेढी बंद होती. आम्ही दोघं नवरा-बायको आणि बोळातले एक शाळामास्तर, एवढेच पाहुणे. मास्तर सज्जन, पण वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि वाचलेलं कुठंतरी सांगितल्याशिवाय त्यांना अन्न पचायचं नाही. बायका सकाळीच वारुळाला जाऊन आल्या होत्या. हातावर मेंदी, केसांत फुलं. माजघरात गोल टेबल मांडलेलं. मागच्या सोप्यात तांब्याच्या हंड्यावर टोपल्या एकीवर एक चढवलेल्या आणि सगळ्या घरभर पुरणाचा आणि ओल्या बांबूचा वास.

टोपल्यांत चिनी काहीच नव्हतं म्हणा. पुरणाचे दिंड, ज्यांना त्या घरी कडबू म्हणत, डाळीचे वाफवलेले मुटके आणि हळदीच्या पानातले तांदळाचे गोळे. कोथिंबीरसुद्धा चिरलेली नाही, बोटांनी तोडलेली. हे सारं अक्कांनीच पहाटेपासून करून ठेवलं होतं. शेवटची टोपली चढवली तसे अण्णा म्हणाले, "आता तू हात धू आणि बस."

"आन् वाढंल कोण?"

अण्णा आत गेले आणि बाहेर आले तेव्हा माझी बायको तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. वळकटीचा चामडी पट्टा त्यांनी गळ्यात अडकवला होता आणि त्याला पितळी परात बांधून पोटाशी धरली होती. परातीत टोपल्या. रुमाल, भस्म, परात, असे ते दारात उभे राहिले आणि त्यांनी खड्या आवाजात आरोळी दिली, "दिंड! गरम गरम दिंड! मुटके घ्या, मुटके!"

"अय्य, काय सोंग हे!" अव्वा म्हणाल्या, पण हसत हसत त्याच पहिल्यांदा टेबलाशी बसल्या. मग आम्ही. अक्का तशाच खांबाला धरून उभ्या. अण्णांची आरोळी मध्येच थांबली. त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण पट्टा धरलेला हात घट्ट झालेला मला दिसला. त्या नाही बसल्या तर हा सगळा खटाटोप म्हणजे नुसतं सोंगच ठरणार होतं.

"बस ग," अव्वा म्हणाल्या. "नेम मोडायचा हाय का?"

अक्का बसल्या. अव्वा आणि माझी बायको यांच्यामध्ये, अंग चोरून. अण्णा वाकले आणि पहिली टोपली उघडून त्यांनी त्यांच्यासमोर ठेवली. वाफ अक्कांच्या तोंडावर आली. त्यांनी दिंडाचा तुकडा मोडला, त्यावर तूप घेतलं आणि खाल्ला. एवढंच. पण अण्णा वळून भराभर सोप्यात गेले आणि जरा वेळानं डोळे पुसत आले. म्हणाले, "धूर लई झालाय."

मग काय बहार आली म्हणून सांगू! अण्णा फिरताहेत, ओरडताहेत, आम्ही बोटानं दाखवतोय, टोपल्या येताहेत आणि रिकाम्या होताहेत. चहा कोरा. "दूध आज नागोबाला, माणसाला कोरा," असं अव्वांनीच ठरवून टाकलं होतं. अण्णा किटली घेऊन प्रत्येकाच्या वाटीत ओतत फिरले. अव्वांना बोटं वाजवण्याचा फार आनंद झाला. त्या चहा नसतानाही वाजवत होत्या.

आणि अशा ऐन रंगात मास्तरांना वाचलेलं आठवलं.

"पण अव्वा, गंमत बघा हं," मास्तर घसा साफ करून म्हणाले. "मी तर असं वाचलंय की चीनमध्ये लोक सापाला..."

"दिंड!" अण्णा एवढ्या मोठ्यानं ओरडले की टोपलीचं झाकण पडलं. त्यांनी अख्खा दिंड मास्तरांच्या तोंडात घातला. पण अव्वांचं ऐकू येणं अजून शाबूत होतं.

"सापाला काय करत्यात?"

मास्तरांचं तोंड भरलेलं. अण्णा परात धरून थिजलेले. अव्वा एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तेवढ्यात अक्का अगदी शांतपणे म्हणाल्या, "दूध पाजत्यात म्हणत्यात मास्तर. रोजच्या रोज."

"मग!" अव्वा म्हणाल्या. "मी म्हणलं न्हवतं?"

मास्तरांनी मान डोलावली. दुसरं करता येण्यासारखं काही नव्हतं. अण्णा बायकोकडे बघत राहिले. सापाच्या साराची गोष्ट त्यांनी अक्कांनाही कधीतरी सांगितली असली पाहिजे. पण ती दाबून टाकून अक्कांनी तो नेम वाचवला होता, म्हणजे टेबलाशी मिळालेली ती जागा त्यांनाही हवी होती, हे तेव्हा मला कळलं. टेबल वाजवण्याला नावं ठेवणाऱ्या अक्का आता मांडी घालून ऐसपैस बसल्या होत्या.

सगळं संपल्यावर अण्णांनी परात उतरवली आणि टोपल्या बघितल्या. सगळ्या रिकाम्या. फिरणाऱ्याला काही उरलंच नव्हतं. "संपलं? वा, वा!" ते म्हणाले, पण पोटात कावळे ओरडत असावेत. अक्कांनी आपल्यासमोरची पालथी वाटी उचलली. खाली दोन दिंड होते, अजून कोमट.

"वाढणाऱ्याला मागं काय उरत न्हाय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय की."

दुसऱ्या दिवशी पेढीवर अण्णांचा चेहरा विचारू नका. त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "तिनं वाजवली!" ते म्हणाले. "मी चहा ओतला तवा. पदराखाली, गुडघ्यावर. दोन बोटं."

"अण्णा, मी समोरच बसलो होतो. मला तर काही दिसलं नाही."

"तुमाला कसं दिसंल? तुमी मुटक्यांकडं बघत होता."

मी हसून सोडून दिलं. हाँगकाँगवर माझा आता पूर्ण विश्वास बसला होता, पण हे मात्र त्यांनी मनानं रचलं असेल, असं मला वाटलं. त्यांना तसं दिसावं अशी इतकी इच्छा होती, की दिसलं असेल.

पुढं दर पंचमीला हा सोहळा व्हायचा. अव्वा गेल्यावरही तो चालू राहिला. मग एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं अण्णा गेले. त्यांच्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. रुमाल, भस्म, मांडी घातलेली. पाठीमागून चालताना मला सारखं वाटत होतं, आता म्हणतील, बसा की, घाई कुणाला हाय. मी रस्ताभर रडलो.

पुढच्या श्रावणात काही झालं नाही. त्याच्या पुढच्या श्रावणात पंचमीच्या सकाळी अक्कांचा निरोप आला, टोपल्या चढवल्यात, या. आम्ही गेलो. तेच टेबल, तोच वास, मास्तरही आलेले. खुंटीवर चामडी पट्टा आणि भिंतीला टेकून परात. अक्कांनी हात धुतले, पदर सावरला आणि सरळ जाऊन आपल्या जागेवर बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, वाट कुणाची बघताय?"

मी पट्टा गळ्यात अडकवला. माझी आरोळी अण्णांच्या तोडीची नव्हती, पण मास्तर हसले, माझी बायको हसली, अक्काही हसल्या. पहिली टोपली मी त्यांच्यासमोर उघडली. नंतर किटली घेऊन फिरलो आणि आधी त्यांच्या वाटीत कोरा चहा ओतला.

अक्का माझ्या बायकोशी मेंदीच्या रंगाबद्दल काहीतरी बोलत होत्या. बोलणं थांबलं नाही, मान वळली नाही. पदराबाहेर उजवा हात आला, दोन बोटं सवयीनं वाकली आणि फळीवर वाजली. टक् टक्.

मी किटली धरून तसाच उभा राहिलो.